रात्री शुगर पार खाली गेली, उठून बसलात, आता पुढचे दोन दिवस काय करायचं

मशीनवर 110 आलं म्हणजे संपलं, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटलं, मलासुद्धा. पहाटे चारला 38 होती, सहाला 110, मग सासूबाईंनी चहा टाकला, हे अंघोळीला गेले आणि मी ठणकणारं डोकं घेऊन कणीक मळायला उभी राहिले, कारण डब्याची वेळ झालेली. दुपारी दोनला परत 52. तेव्हा कळलं की शुगर वर आणणं हे अर्धंच काम आहे, खरं सांभाळायचं ते नंतर असतं आणि ते कुणी सांगतच नाही, म्हणून हे लिहितेय.

मला टाइप 1 डायबिटीस, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही तो, इन्सुलिनवर 19 वर्षं. झालं असं की अनंत चतुर्दशीला इंदूरला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, रात्रभर, आणि आम्ही लहानपणापासून त्या चुकवत नाही. राजवाडा, जेल रोड, परत राजवाडा, किती चाललो देव जाणे. त्या रात्री काही झालं नाही हो, झालं ते दुसऱ्या रात्री. जास्त चालणं झालं की स्नायू आपला रिकामा झालेला साठा भरायला रक्तातली साखर ओढत राहतात, आणि हे 24 तासांपर्यंत चालू शकतं. त्यात मी दमले म्हणून जेवले अर्धंच, आणि रात्रीचं इन्सुलिन मात्र रोजच्याएवढंच घेतलं.

आधी त्या क्षणाचं सांगते, कारण तिथेच आमच्याकडे घोळ झाला. ह्यांनी मला हलवलं तर मी घामाने चिंब, उशी ओली, आणि काहीतरी बरळत होते. ह्यांनी घाबरून साखरेचं पाणी सरळ तोंडात ओतलं आणि मला जोरात ठसका लागला. नशीब की गिळता येत होतं. नियम एकच पक्का धरा: माणूस स्वतःहून पेला धरून गिळू शकत असेल तरच तोंडावाटे द्यायचं. शुद्ध नसेल, झटके येत असतील, दात आवळलेले असतील, तर पाणी, मध, साखर, काहीच ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं. हिरडीला मध चोळून रक्तात फारसं काही पोचत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर वेळ घालवू नका. कुशीवर वळवायचं, 108 ला फोन करायचा, आणि घरात ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असेल तर द्यायचं. ते लिव्हरमधली साठवलेली साखर बाहेर काढतं, दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि नंतर उलटी होऊ शकते, म्हणून कुशीवरच ठेवा. आपल्याकडे प्रत्येक मेडिकलवर ते मिळेलच असं नाही, डॉक्टरांना आधी विचारून ठेवलेलं बरं. आणि दारू प्यायलेली असेल किंवा बराच वेळ उपाशी असाल तर ते कमी चालतं, कारण साठाच नसतो.

शुद्धीत असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोज पावडर किंवा साखरेचे साधारण 3-4 छोटे चमचे पाण्यात, मग 15 मिनिटं थांबायचं, मशीनने बघायचं, 70 च्या खाली असेल तर परत तेवढंच. त्या 15 मिनिटांत अजून दे, अजून दे करत अर्धा डबा संपवायचा नाही, मोह होतो पण. जेवणाआधीची स्टार्च अडवणारी गोळी, अकार्बोज किंवा वोग्लिबोज, कुणी घेत असेल तर साखर चालत नाही, तिथे ग्लुकोजच लागतं, कारण ती गोळी साखर फोडूच देत नाही.

आता आमच्या गावची गंमत. इंदूरला शुगर डाउन म्हटलं की कुणीतरी जिलबी आणायला पळतं. जिलबी तळलेली, त्यात तूप-तेल, ती पोटातून सावकाश पुढे सरकते. चॉकलेटचंही तेच. आणि हे तर हॉलमधून ओरडले, अरे शिकंजी दे तिला शिकंजी! बाहेरगावच्या लोकांना शिकंजी म्हणजे लिंबूपाणी वाटतं, पण इंदूरची शिकंजी घट्ट दुधाची, मेव्याची, तिने शुगर चढायला किती वेळ लागेल तो बघा. लिंबूपाणी म्हणायचंय तर लिंबूपाणीच म्हणा, नीट साखर घालून.

अजून एक, ज्याने आम्ही पाऊण तास फसलो. साखरेचं पाणी दिल्यावर पहिल्यांदा तपासलं तेव्हा 210 आलं. हे खूश. पण माझी बोटं साखरेच्या पाण्याने चिकट झालेली, ठसक्यानंतर पेला मीच धरला होता ना. नणंदेच्या डोक्यात आलं, ओल्या फडक्याने बोट पुसलं, कोरडं केलं, दुसऱ्या बोटाला टोचलं, तर 61. त्यामुळे हात धुऊनच टेस्ट, आणि आकडा आणि माणूस जुळत नसेल तर माणसाकडे बघा. दंडावर चिकटवायचा, सतत शुगर दाखवणारा सेन्सर लावत असाल तर उलटं होतं, त्या हातावर झोपलात की तो खोटंच कमी दाखवतो, तेव्हा बोटाने खात्री करा.

70 च्या वर आली की मग पोटात काहीतरी टिकणारं घाला. ग्लुकोज पटकन चढतं आणि पटकन उतरतं, इन्सुलिन मात्र अजून काम करतच असतं. मी दूध-पोळी खाल्ली, तुम्ही दही-पोळी, ब्रेड-पीनट बटर, पोहे काहीही. एका तासाने परत तपासा, मग दोन-तीन तासांनी. आणि झोपायचं असेल तर एकटं झोपू नका, मी पाचला झोपले आणि हे खुर्चीत घोरत बसले, म्हणजे तेही झोपलेच, पण निदान खोलीत होते.

गोळीवाल्यांचं वेगळं आहे, हे नक्की वाचा. ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड असल्या गोळ्या असतील तर शुगर वर येऊन परत परत पडते, कधी दिवसभर, आणि किडनी कमजोर असेल तर अजून लांबतं. वयस्कर माणसाला हे झालं तर 110 बघून घरी ठेवू नका, हॉस्पिटलमध्ये 24 तास निरीक्षणाखाली ठेवायला सांगतात ते उगीच नाही.

आता सकाळ. डोकं हातोडा मारल्यासारखं दुखतं, हातपाय गळून गेलेले, मूड विचित्र. मी त्या दिवशी विनाकारण मुलावर खेकसले आणि नंतर बाथरूममध्ये रडले, आणि रात्री मी ह्यांना काय काय बोलले ते मला आजही आठवत नाही. ह्यांनी सांगितलं तेव्हा हसू पण आलं आणि लाज पण. पाणी प्या, थोडं थोडं खा, आणि घरच्यांना आधीच सांगा की आज हिच्याशी भांडण नको. डब्याची काळजी करू नका, बाहेरून पोहे मागवले तर आभाळ कोसळत नाही, इंदूर आहे. स्कूटी चालवायची नाही त्या दिवशी, आणि जिना चढ-उतार, जिम, मोठी साफसफाई बंद.

हे दिसलं तर मात्र घरी बसायचं नाही: शुगर नॉर्मल होऊन अर्धा-पाऊण तास झाला तरी बोलणं असंबद्ध, एक बाजू कमजोर, उलट्या थांबत नाहीत, झटका येऊन गेलाय, किंवा जीभ चावली गेलीय आणि खांदा हलत नाही. झटक्यात खांदा निखळू शकतो, ते दुखणं सकाळीच लक्षात येतं.

दुपारपर्यंत शुगर 250-300 झाली तरी घाबरू नका. शरीराने स्वतःच साखर सोडलेली असते, शिवाय रात्री आपण खाल्लेलं. इथे लोक चिडून जास्तीचं इन्सुलिन मारतात आणि संध्याकाळी परत खाली. थोडं थांबा, डॉक्टरांशी बोलून करा. उलट बाजूची चूकही तेवढीच मोठी: भीतीने इन्सुलिन बंदच करणं. टाइप 1 वाल्यांनी तर बेसल, म्हणजे दिवसभर सावकाश काम करणारं इन्सुलिन अजिबात सोडायचं नाही, डोस किती कमी करायचा ते फोन करून विचारा, त्याच दिवशी, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका.

आणि सगळ्यात धोक्याची गोष्ट, माझ्या 52 चं कारण पण तेच होतं: एकदा लो झालं की पुढचे एक-दोन दिवस शरीराची घंटा नीट वाजत नाही. थरथर नाही, धडधड नाही, सरळ गोंधळच सुरू होतो. ज्यांना बीपीसाठी बीटा ब्लॉकर प्रकारची गोळी चालू आहे त्यांची धडधड तर आधीच दबलेली असते, घाम तेवढा येतो. म्हणून दोन रात्री आम्ही गजर लावला, झोपताना, तीनला, आणि उठल्यावर. झोपताना आकडा कमी वाटला तर काय खायचं ते आधीच ठरवलेलं. दोन-तीन आठवडे एकही लो होऊ दिलं नाही की ही जाणीव बऱ्यापैकी परत येते.

मग कारण शोधा, शांत डोक्याने, आदल्या 24 तासांचं कागदावर लिहून: किती चाललो, काय खाल्लं, किती वाजता किती युनिट, उपवास होता का, दारू होती का. इंजेक्शन एकाच जागी टोचून गाठ झालीय का बघा, गाठीत ते उलटसुलट शोषलं जातं, आणि एक दिवस चांगल्या जागी टोचलं की तोच डोस भारी पडतो. सिरिंजही बघा! आपल्याकडे 40 च्या (एका मिलीत 40 युनिट) इन्सुलिनच्या बाटल्या अजून मिळतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची, 100 च्या इन्सुलिनची केशरी. 100 चं इन्सुलिन लाल सिरिंजने भरलं तर अडीच पट जातं. मेडिकलवाल्याने घाईत जे दिलं ते दिव्याखाली धरून वाचायचं, मी आता चष्मा लावून वाचते.

आमच्याकडे आता पलंगाच्या डाव्या बाजूला एक स्टीलचा डबा असतो, त्यात साधी ग्लुकोज पावडर, चमचा, मशीन, पट्ट्या आणि ह्यांच्यासाठी मोठ्या अक्षरात चिठ्ठी: गिळते का बघ, नसेल तर कूस, 108. पावडर आधी ऑरेंज फ्लेवरची आणली होती, ती मुलगा आठवड्याभरात चाटून संपवायचा, म्हणून साधी.