व्यापारी दाव्यातील उलटतपासणीची तयारी
व्यापारी दावे लढवणाऱ्या वकिलाचा बहुतेक वेळ न्यायालयात नव्हे, तर कागदपत्रांत जातो, आणि उलटतपासणीचे यशही बहुधा तिथेच ठरते. म्हणून करार, त्यातील दुरुस्त्या, बिले, पोचपावत्या आणि ईमेल तारखेनुसार लावून घटनाक्रम तयार करावा व प्रत्येक नोंदीपुढे ती सिद्ध करणाऱ्या कागदाचा पान क्रमांक लिहावा. अशिलाने सांगितलेली, पण कागदाचा आधार नसलेली गोष्ट ठळकपणे वेगळी ठेवावी. विरुद्ध पक्षाचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो.

प्रश्न लहान असावा, त्यात एकच तथ्य असावे आणि त्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असावे. समजा, माल निकृष्ट निघाल्याने पैसे अडवले, असे खरेदीदाराचा साक्षीदार सांगतो. त्याला थेट खोटे ठरवू नये. पोचपावतीवरील सही त्याचीच आहे, तिच्यावर कोणताही शेरा नाही, नंतरच्या ईमेलमध्ये तक्रार नसून केवळ मुदतवाढ मागितली आहे, एवढे एकेक करून कबूल करून घ्यावे आणि थांबावे. ‘मग तेव्हाच तक्रार का केली नाही?’ असे विचारण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही, आणि साक्षीदाराला खुलाशाची आयती संधी मिळते. तो मुद्दा युक्तिवादासाठी राखून ठेवावा.

नुकसानभरपाईचा हिशेब मात्र सर्वस्वी तज्ज्ञावर सोपवू नये. करार पाळला गेला असता तर किती नफा झाला असता, त्यातून वाचलेला खर्च वजा केला आहे का आणि नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी अशिलाने काय केले, हे वकिलाला स्वतः आकडे मांडून सांगता आले पाहिजे.