पॅसिफिक बेटांमध्ये शिडाची बोट आणि बदललेला बेत: या चुका टाळा

ताहिती, कुक बेटं, नीउए, टोंगा, फिजी. या वाटेने दर वर्षी शेकडो शिडाच्या बोटी जातात, आणि ठरल्याप्रमाणे सगळं पार पडलेली बोट क्वचितच सापडते. बेत बदलण्यात काही गैर नाही. घोळ होतो तो उशिरा बदलल्यामुळे.

उशीर का होतो? बहुतेकदा पाहुण्यांमुळे. भाऊ-वहिनी अमुक तारखेला फिजीत उतरणार, तिकिटं काढून झालेली. मग हवामान कितीही खराब असो, बोट हाकायचीच. पाहुण्यांना एक तर तारीख सांगा, नाही तर जागा. दोन्ही कबूल करू नका.

नीउएचं उदाहरण घ्या. या बेटाला बंदरच नाही. आलोफी गावासमोर, पश्चिमेच्या उघड्या समुद्रात बोट बोयाला बांधायची. डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) धक्क्याशी सोडून चालत नाही, लाटांनी आपटून फुटेल. म्हणून ती क्रेनने वर उचलून ठेवतात. आग्नेयेचे व्यापारी वारे आहेत तोवर बेटाची आड मिळते. पण वारा उत्तरेकडून येऊ लागला की समजायचं, पुढे तो पश्चिमेचा होणार, आणि मग पाठीशी खडकाळ कडा! ‘आजची रात्र काढू, सकाळी बघू’ ही इथली सर्वात वाईट चूक. वारा उत्तरेचा असतानाच दोर सोडा.

घाईत निघालात तरी कॅलेंडर बघा. टोंगाचं वावाऊ तिथून साधारण २४० सागरी मैल, दोन दिवसांची वाट. घड्याळ दोन्हीकडे सारखंच, पण मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते आणि वार बदलतो. गुरुवारी सकाळी निघालात तर नीउएच्या हिशोबाने शनिवारी पोचाल, टोंगात मात्र रविवार उजाडलेला असेल. तिथे रविवारी सगळं बंद. पिवळं निशाण (प्रवेशाचे सोपस्कार बाकी असल्याची खूण) लावून सोमवारपर्यंत बोटीवरच बसा.

फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतूच्या प्रवाळबेटांत चूक वेगळी. ही बेटं म्हणजे प्रवाळाची कडी, आतल्या शांत पाण्यात शिरायचं ते कड्यातल्या अरुंद वाटेने. उशीर झाला तरी ‘आजच आत शिरू’ हा हट्ट नडतो. ओहोटीचं पाणी आणि समोरचा वारा भिडले की आपल्या खाड्यांच्या मुखाशी लाटा कशा उभ्या राहतात, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. इथे त्यात भर म्हणजे, दक्षिणेकडून मोठ्या लाटा प्रवाळकड्यावरून आत कोसळत असल्या की तेवढं पाणी बाहेर पडत राहतं, आणि भरतीचं वेळापत्रक कोलमडतं. शिवाय उन्हं कलली की पाण्याखालचे प्रवाळ दिसत नाहीत. रात्रभर बाहेर घिरट्या घाला. कंटाळवाणं आहे, पण बोट शाबूत राहते.

कागदांचं थोडक्यात. फिजीला येण्याची सूचना किमान ४८ तास आधी द्यावी लागते. वाटेत फिजीचीच लाऊ बेटं खुणावतात, पण सीमाशुल्काचे सोपस्कार होण्याआधी तिथे परस्पर नांगर टाकू नका. भारतीय पासपोर्ट असेल तर आणखी एक गोष्ट: शेंगेन व्हिसा फ्रेंच पॉलिनेशियाला आपोआप चालत नाही आणि न्यूझीलंडचा व्हिसा आधीच काढावा लागतो. ‘फिजी नको, न्यूझीलंडला जाऊ’ हे समुद्रात असताना सुचून उपयोग नाही.

आपल्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरतात. इथे उलट, मोसम संपण्याची तारीख पाळायची. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ, आणि बऱ्याच विमा पॉलिसींतही या पट्ट्यातून बाहेर पडायला तीच मुदत असते. म्हणून ऑक्टोबरात टोंगाहून न्यूझीलंडला निघालेल्या बोटी अनेकदा मिनर्व्हा रीफमध्ये थांबतात. भर समुद्रातलं हे प्रवाळाचं कडं भरतीला पाण्याखाली जातं. आजूबाजूला जमीन नाही, तरी नांगर वाळूत धरतो. दक्षिणेकडची वादळी हवा सरकेपर्यंत इथे चार दिवस बसा, आठ बसा. मासे मिळतात, पाणी जपून वापरा.