व्यसनमुक्ती ओपीडीत क्लिनिकल फार्मासिस्टने काय करायचं

व्यसनमुक्ती म्हटलं की घरच्यांना भरती करणं आठवतं. पण अनेक रुग्ण ओपीडीवरच उपचार घेतात. औषध घेऊन संध्याकाळी त्याच गल्लीत, त्याच मित्रांमध्ये परततात. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत डॉक्टर समोर नसतात, गोळ्या मात्र घरात असतात. त्या दिवसांची काळजी वाहणं हे ओपीडीतल्या फार्मासिस्टचं खरं काम. प्रिस्क्रिप्शन डॉक्टरच लिहिणार. आपण माहिती काढायची, डोस पडताळायचा, काही खटकलं तर गोळ्या हातात पडण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं आणि प्रत्येक सूचना रुग्णाच्या भाषेत पोचवायची.

पहिली भेट: आधी पिशवी रिकामी करून घ्या

घरात असेल नसेल ते सगळं औषध पिशवीत घालून आणायला सांगा: बीपी-शुगरच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, खोकल्याच्या बाटल्या, आयुर्वेदिक काढे, होमिओपॅथीचे थेंब, दुसऱ्या दवाखान्यातून आणलेल्या बिननावाच्या पुड्या. प्रत्येक वस्तू टेबलावर ठेवून नाव, ताकद, रोज किती आणि शेवटची कधी घेतली, हे लिहून घ्या. ‘दुसरं काही औषध चालू आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. कारण अंगदुखीची गोळी आणि खोकल्याचं सिरप लोकांच्या हिशेबात औषधच नसतं.

दारूचं प्रमाणही मापात विचारा. ‘थोडी घेतो’ म्हणजे किती ते कळत नाही. ‘दादा, नाइंटी की क्वार्टर? दिवसाला किती? सकाळी उठल्यावर लागते का? शेवटची कधी झाली?’ असं थेट विचारलं की आकडे मिळतात. १८० मि.ली.च्या क्वार्टरवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल, तर १८० × ०.४२८ × ०.७९ म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. १० ग्रॅमचं एक ड्रिंक धरलं तर एका क्वार्टरमध्ये सहा ड्रिंक होतात. रोज दोन क्वार्टर घेणारा माणूस बारा ड्रिंकवर आहे, आणि त्याने एकदम बंद केली तर विथड्रॉअल (नशा थांबल्यावर होणारा शारीरिक त्रास) येणार हे गृहीत धरूनच पुढचं ठरवायला हवं. हातभट्टीचा असा हिशेब निघत नाही, तिथे लक्षणांवरच भर द्या.

तंबाखू वेगळी विचारा, आणि मशेरीचं नाव घेऊन विचारा. पुष्कळ बायका मशेरीला दात घासायची पूड समजतात, व्यसनात मोजतच नाहीत.

अफूवर्गातल्या औषधांबद्दल विचारताना ब्राउन शुगरवर थांबू नका. ट्रामाडॉल ही वेदनाशामक गोळी आणि कोडीनचं खोकल्याचं सिरप यांची सवय खूप दिसते. लघवीच्या साध्या ओपिएट पट्टीवर ट्रामाडॉल दिसत नाही. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून रुग्ण ‘स्वच्छ’ ठरवला आणि नॅलट्रेक्सोन (अफूवर्गातल्या औषधांचा परिणाम अडवणारं औषध) दिलं, तर तासाभरात उलट्या, जुलाब, घाम आणि असह्य अंगदुखी सुरू होते. असा रुग्ण बहुधा परत येत नाही.

दारूचा पहिला आठवडा

झटके बहुतेक शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत येतात. भ्रम, थरथर आणि ताप असलेला गंभीर प्रकार, डेलिरियम ट्रेमेन्स, ४८ ते ९६ तासांच्या आसपास. आधी कधी झटका किंवा असा भ्रम येऊन गेला असेल, बाई गरोदर असेल, दुसरा मोठा आजार असेल किंवा घरी लक्ष ठेवायला कोणीच नसेल, तर ओपीडीचा हट्ट धरू नये. भरतीचा मुद्दा डॉक्टरांपुढे आपणच काढायचा.

ओपीडीत विथड्रॉअल शमवायला क्लोरडायाझेपॉक्साइडचा उतरता डोस देतात. २५ मि.ग्रॅ.च्या गोळ्यांचा एक नमुना असा: पहिले दोन दिवस रोज ४, तिसऱ्या दिवशी ३, चौथ्या-पाचव्या दिवशी २-२, सहाव्या-सातव्या दिवशी १-१. एकूण १७ गोळ्या. डोस रुग्णागणिक डॉक्टर ठरवतात. पण १७ गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत, हा आग्रह फार्मासिस्टने धरायला हवा. पहिल्या दोन दिवसांच्या ८ द्या, तिसऱ्या दिवशी बोलवा, थरथर, घाम, नाडी आणि झोप बघा, मग पुढच्या द्या. यावर दारू प्यायली तर श्वास मंदावू शकतो, म्हणून गोळ्या घरच्या जबाबदार माणसाच्या ताब्यात हव्यात.

गोळ्या पट्टीत देण्याऐवजी दिवसागणिक कागदी पाकिटं करा. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘मंगळवार. सकाळ १, दुपार १, संध्याकाळ १, झोपताना १. दारू घेतली असेल तर ही गोळी देऊ नका, फोन करा. गाडी चालवायची नाही. फार झोप वाटली, हाक मारून उठत नसेल तर लगेच दवाखान्यात न्या.’ देणाऱ्याला ते समोर वाचायला लावा. वाचता येत नसेल तर सूर्य, चंद्र अशी चित्रं काढा. पाच मिनिटं जातात, पण ‘दिवसभराच्या चार सकाळीच घेतल्या’ हा प्रकार टळतो.

लिव्हर खराब असेल, पोटात पाणी असेल किंवा वय जास्त असेल तर क्लोरडायाझेपॉक्साइड शरीरात साचत जातं. अशा वेळी लोराझेपाम सुचवा. थायामिन (व्हिटॅमिन बी१) आठवणीने बघा. खाणंपिणं सुटलेल्या रुग्णाला ग्लुकोजची सलाइन लागणार असेल तर थायामिन आधी किंवा सोबत गेलं पाहिजे. ते राहिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, आणि ती पुष्कळदा कायमची असते. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आतच ठेवायला सांगा.

‘चहात टाकून देता येईल असं काही द्या’

ही मागणी काउंटरवर नेहमी येते. मागणारी बहुधा बायको किंवा आई असते, आणि तिचा जीव खरोखर मेटाकुटीला आलेला असतो. तिला झिडकारू नका, पण औषधही देऊ नका.

डायसल्फिराम पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छातीत धडधड होते, उलट्या होतात, बीपी पडतो. हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. हे ज्याला माहीत आहे तो दारूपासून लांब राहतो, औषधाचा सगळा उपयोग या जाणिवेत आहे. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा पिणार आणि कोसळणार. साध्या शब्दांत सांगता येतं: ‘वहिनी, न सांगता दिलेली ही गोळी विषासारखी लागू शकते. तुमची तळमळ समजते. त्यांना एकदा फक्त बोलायला घेऊन या, आणि ते येत नसतील तर तुम्ही एकट्या या.’ केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, तो नंबर चिठ्ठीवर लिहून द्या.

रुग्ण स्वतः तयार असेल तर पुढची पडताळणी करा. लेखी संमती आहे का. शेवटची दारू होऊन किमान १२ तास, शक्यतो २४ तास झालेत का. हृदयविकार, सायकोसिस (भास-भ्रमाचा मानसिक आजार), लिव्हरचा मोठा बिघाड किंवा गरोदरपण नाही ना. लिव्हरची तपासणी सुरुवातीला आणि मग दोन आठवड्यांनी. नेहमीचा डोस रोज २५० मि.ग्रॅ. शेवटच्या गोळीनंतरही परिणाम १४ दिवसांपर्यंत राहू शकतो. ‘शनिवारी गोळी टाळली, रविवारी प्यायलो’ हे गणित इथे चालत नाही.

छुपी दारू कुठे असते ते यादी हातात देऊन सांगा. आसव-अरिष्टांत आंबवताना अल्कोहोल तयार होतं आणि लेबलवर त्याची टक्केवारी लिहिलेली असते, म्हणून द्राक्षासव, दशमूलारिष्ट बंद. होमिओपॅथीचे थेंब, काही कफ सिरप आणि माउथवॉश, आफ्टरशेव्ह, सॅनिटायझरही जपून. आणि दातांच्या डॉक्टरकडे गेलात तर डायसल्फिराम चालू असल्याचं सांगा, कारण तिथे मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक सर्रास लिहिलं जातं आणि या दोन औषधांच्या मेळात रुग्णाला भ्रम होऊ शकतो.

टीबीचे उपचार चालू असतील तर दोन ठिकाणी लक्ष हवं. आयसोनियाझिडसोबत डायसल्फिराम दिलं की वागणं बदलतं, चालताना तोल जातो. रिफॅम्पिसिनमुळे बुप्रेनॉर्फिन (अफूवर्गाच्या व्यसनावर देतात ते औषध) शरीरातून लवकर निघून जातं आणि व्यवस्थित चाललेल्या रुग्णाला पुन्हा विथड्रॉअल सुरू होतं. टीबीचं औषध दुसऱ्या केंद्रातून मिळत असल्याने ते आपल्या कागदावर नसतं, विचारूनच कळतं.

अकॅम्प्रोसेटआधी किडनीचा हिशेब

अकॅम्प्रोसेट हे दारूची ओढ कमी करणारं औषध लिव्हरवर भार टाकत नाही, ते किडनीवाटे जातं. ६० किलो किंवा जास्त वजनाला ३३३ मि.ग्रॅ.च्या दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा. वजन त्याहून कमी असेल तर २-१-१ देतात. पण आधी क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा अंदाज, काढा: १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन). बाईसाठी आलेलं उत्तर ०.८५ ने गुणायचं.

समजा पुरुष ५८ वर्षांचा, वजन ५२ किलो, क्रिएटिनिन १.६. (८२ × ५२) ÷ (७२ × १.६) = ३७. रिपोर्टवरचा १.६ चा आकडा फार भीतिदायक दिसत नाही, पण ३० ते ५० च्या मधल्या क्लिअरन्सला १-१-१ इतकाच डोस चालतो आणि ३० च्या खाली औषध देतच नाहीत. दीर्घकाळ पिणाऱ्यांचे स्नायू झडलेले असतात, त्यामुळे क्रिएटिनिन कमी येऊन किडनी आहे त्यापेक्षा बरी भासते. आकडा काठावर असेल तर कमी डोसचीच शिफारस करा. दारूची ओढ कमी करायला कधी देतात ते बॅक्लोफेनही मुख्यतः किडनीवाटेच जातं, आणि ते एकदम बंद करायचं नसतं.

नॅलट्रेक्सोन ५० मि.ग्रॅ. रोज. ते सुरू करण्याआधी अफूवर्गातलं काहीही घेऊन किमान ७ ते १० दिवस झालेले असावेत. रुग्णाच्या पाकिटात मराठीत चिठ्ठी ठेवा: ‘मी नॅलट्रेक्सोन घेतो. ट्रामाडॉल, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं लागू पडणार नाहीत.’ अपघात झाला तर तीच चिठ्ठी उपयोगी पडते.

बुप्रेनॉर्फिनचा पहिला दिवस

बुप्रेनॉर्फिन-नालोक्सोन साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही, केंद्रातूनच दिलं जातं. इथे सर्वात जास्त चुकते ती वेळ. ब्राउन शुगर घेऊन १२ ते २४ तास झाल्यावर आणि विथड्रॉअल डोळ्यांना दिसायला लागल्यावरच पहिली गोळी द्यायची: मोठ्या बाहुल्या, वाहतं नाक, जांभया, अंगावर काटा. घाई केली तर बुप्रेनॉर्फिन आधीच्या नशेला मेंदूतल्या तिच्या जागेवरून (रिसेप्टरवरून) ढकलून देतं आणि विथड्रॉअल एकदम अंगावर येतं.

तोंडात तंबाखू, गुटखा असेल तर थुंकून, चूळ भरून, घोटभर पाणी प्यायला लावा. २ ते ४ मि.ग्रॅ. जिभेखाली ठेवा. ५ ते १० मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. गिळलेली गोळी जवळपास वाया जाते आणि रुग्ण ‘औषध लागू पडत नाही’ म्हणतो. मग तोंड उघडून, जीभ वर करून बघा. एक-दोन तास बसवून ठेवा, गरज असेल तर डॉक्टरांना विचारून पुढचा डोस. पहिल्या दिवशी साधारण ८ मि.ग्रॅ.च्या वर जात नाहीत. गोळी विरघळल्यावर पाण्याने चूळ भरायची आणि तासभर ब्रश करायचा नाही, नाहीतर दात खराब होतात. सोबत अल्प्राझोलाम किंवा झोपेची गोळी चालू असेल तर ते त्याच क्षणी डॉक्टरांच्या कानावर घाला, दोन्ही मिळून श्वास दाबतात.

तंबाखू सोडताना

निकोटिन गम साध्या च्युइंगगमसारखा चघळला तर उचकी लागते, पोटात जळजळ होते आणि रुग्ण तो फेकून देतो. चार-पाच वेळा चावा, झिणझिण जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवा, चव गेली की पुन्हा चावा, असं अर्धा तास. आधीची १५ मिनिटं कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक नको, आंबटपणामुळे निकोटिन तोंडातून शोषलं जात नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागणाऱ्याला ४ मि.ग्रॅ., बाकीच्यांना २ मि.ग्रॅ.

बिडी-सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची औषधं शरीरातून लवकर निघतात. धूम्रपान थांबलं की काही दिवसांत रक्तातली पातळी वाढते आणि रुग्ण सुस्त होतो. डोस कमी करायचा का, हे सोडण्याची तारीख ठरते तेव्हाच डॉक्टरांना विचारा. हा परिणाम धुराचा असल्याने मळलेली तंबाखू किंवा गुटखा सोडणाऱ्याला तो लागू नाही. दारूही नुकतीच एकदम बंद केली असेल तर बुप्रोपियॉन (तंबाखू सोडायला देतात ती गोळी) नको, झटक्याचा धोका वाढतो.

नोंद आणि खंड

क्लोरडायाझेपॉक्साइड, अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, बुप्रेनॉर्फिन ही शेड्यूल एच१ मधली, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा सरकारी यादीतली औषधं. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं. दर आठवड्याला रजिस्टर आणि शिल्लक साठा जुळवा. ‘गोळ्या बसमध्ये पडल्या’ असं एकदा ऐकलं तर नोंद करून डॉक्टरांना कळवा. दुसऱ्यांदा ऐकलं तर एकेका दिवसाच्या गोळ्या द्यायचं सुचवा. हे ओरडून करायचं नाही, तो रुग्ण पुन्हा आला पाहिजे.

भेट चुकली की दुसऱ्याच दिवशी फोन करा. बुप्रेनॉर्फिनमध्ये पाच दिवसांहून जास्त खंड पडला असेल तर जुना डोस तसाच हातात ठेवू नका. मधे काय घेतलं ते विचारा आणि नव्याने, कमीपासून सुरू करायचं का, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. नॅलट्रेक्सोन सोडून दिलेल्या आणि महिनाभर अफूवर्गातलं काही न घेतलेल्या रुग्णाला, आणि त्याच्या घरच्यांनाही, स्पष्ट सांगा: आधीची मात्रा आता शरीराला झेपणार नाही, तेवढीच पुन्हा घेतली तर श्वास थांबू शकतो. ओठ निळे पडले, घोरणं विचित्र झालं, हलवूनही उठला नाही तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.