स्कॉलरशिप जमा झाली, पण कुठल्या खात्यात?

सेकंड इयरला महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, माझ्या नावापुढे रक्कम जमा झाल्याचं दिसत होतं. पासबुकात मात्र शिल्लक २१४ रुपये. कॉलेजचे बाबू म्हणायचे, सरकारने पैसे दिले, आता तू फी भर. बँकेत विचारलं तर म्हणायचे, आमच्याकडे आलेच नाहीत. नागपुरात हिंगणा रोडच्या रूमवरून बर्डीला बँकेत, तिथून परत कॉलेजात, असं चार महिने फिरलो. घरी वाटायचं पोराने पैसे उडवले. बाबा तोंडाने काही बोलले नाहीत, पण त्या दिवाळीत माझ्याशी नीट बोललेही नाहीत.

फॉर्म कसा भरायचा, कागद कोणते लागतात, हे तुम्हाला माहीत असेलच. मला सांगायचं आहे ते या खात्याचं.

‘खातं आधारशी लिंक आहे’ आणि ‘डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात जमा होणारे, पैसे या खात्यात येतात’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार देऊन तुम्ही पाच बँकांत खाती उघडू शकता, पाचही खाती लिंक्ड म्हणवतील. पण सरकारी पैसा आधार नंबरवर निघतो, आणि एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) यादीत त्या नंबरपुढे एका वेळी एकाच बँकेचं नाव असतं. ज्या बँकेने शेवटी नोंद केली, तिचं. फॉर्ममध्ये तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिला होता, याला तिथे कोणी विचारत नाही.

माझं झालं ते असं. उन्हाळ्यात गावी गेलो होतो, ब्रह्मपुरीकडे. मोबाइलच्या दुकानात नवं सिम घेतलं. दुकानदाराने दोनदा अंगठा ठेवायला लावला. पहिला अंगठा सिमचा. दुसरा कशाचा, हे मी विचारलंच नाही. त्या दुसऱ्या अंगठ्यावर माझ्या नावाचं एक खातं उघडलं गेलं आणि यादीतली माझी बँकही बदलली. माझे ३१ हजार तिथे चार महिने आरामात पडून होते. हे कळलं ते एका बँकेतल्या कॅशियर मॅडममुळे. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंगची स्थिती बघ, म्हणजे आधार नंबरपुढे कोणत्या बँकेची नोंद आहे ते बघ, एवढंच त्या म्हणाल्या. ओटीपी टाकला, दोन मिनिटांत बँकेचं नाव समोर. चार महिने आणि दोन मिनिटं.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी ही स्थिती बघा आणि हप्ता यायच्या सुमारास परत बघा. नाव चुकीचं दिसलं तर आपल्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म द्या, ‘डीबीटीसाठी’ हा शब्द तोंडाने सांगा, पोचपावतीवर शिक्का घ्या आणि काही दिवसांनी स्वतः खात्री करा. खातंही चालू ठेवा, दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय होतं.

सिनिअर लोकांचं ‘टेन्शन नको घेऊ बे, येऊन जाईल’ ऐकू नका. मीही ऐकलं होतं. परीक्षेच्या आधी कॉलेजने फॉर्म अडवला तेव्हा आईने बचत गटातून महिना २ टक्क्यांनी पैसे उचलले. ते व्याज कोणत्याही सिनिअरने भरलं नाही. नेट कॅफेवाल्यांबद्दल तर बोलूच नका. ते स्वतःचाच मोबाइल नंबर टाकून देतात आणि पुढे ओटीपीसाठी आपण त्यांच्या दारात. फॉर्म स्वतः भरा, दोन रात्री जातात, जाऊ द्या.

आता जबाबदारीचं. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिकमध्ये, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणाच्या स्कॉलरशिपमध्ये, केंद्राचा ६० टक्के वाटा थेट आपल्या खात्यात येतो, आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला द्यायची असते. खात्यात पहिल्यांदा एवढा आकडा दिसला की हात शिवशिवतात. माझ्या रूममेटने त्यातून सेकंडहँड गाडी घेतली आणि हॉल तिकिटाच्या वेळी रडला. फीचे पैसे आपले नाहीत, आपल्या खात्यातून फक्त पुढे जातात.

पण सगळीच रक्कम कॉलेजची नाही, हेही तेवढंच खरं. निर्वाह भत्ता तुमचा. इंजिनीअरिंगसारख्या कोर्सला वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि बाहेर राहणाऱ्याला ७,०००. आमच्या कॉलेजने पूर्ण रक्कम मागितली होती. मी फीचा हिशेब कागदावर लिहून मागितला, तेव्हा आकडा आपोआप कमी झाला. तोंडी भांडू नका, अर्ज द्या, आवक नंबर घ्या. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा अधिकारही कॉलेजला नाही, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्येच ते स्पष्ट केलंय. अगदीच कोणी उत्तर देत नसेल तर १० रुपयांत माहितीचा अधिकार आहे, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मला ती वेळ आली नाही. नुसतं नाव काढलं तरी फाइल सापडते.

बाकी हजेरी ७५ टक्के ठेवा, फॉर्म दरवर्षी रिन्यू करा, एका वेळी दोन स्कॉलरशिपा घेऊ नका. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना बघा. नागपुरात जेवण, राहणं आणि वरखर्च धरून वर्षाला ६० हजार मिळतात. मला पहिल्या वर्षी तिचं नावही माहीत नव्हतं, ते दुःख वेगळंच.

घाबरू मात्र नका. माझे पैसे बुडाले नाहीत, उशिरा का होईना, पूर्ण मिळाले. बचत गटही फिटला. मोबाइलच्या दुकानातलं ते खातं अजून तसंच आहे, त्यात ४३ रुपये पडलेत. बंद करायला परत अंगठा लागतो म्हणे.