लेख पटतोय, पण टिकतो का? स्रोत आणि युक्तिवाद तपासायची रीत

बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्यावर निबंध लिहायला सांगा, एक वाक्य हमखास येणार: 'हा राजवाडा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट मोठा आहे.' हेच वाक्य बातम्यांत, सहलींच्या जाहिरातींत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरत असते. पुष्कळदा सोबत आकडेही असतात: आपला राजवाडा ३,०४,९२,००० चौरस फूट, बकिंगहॅम ८,२८,८२१ चौरस फूट. शेवटच्या अंकापर्यंत दिलेला आकडा बघून वाचक गप्प बसतो. खरे तर अशा वेळी कॅल्क्युलेटर काढावा.

एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याला ७०० ने गुणले की बरोबर ३,०४,९२,००० येतात. म्हणजे हा आकडा इमारतीचा नाही, सातशे एकरांच्या आवाराचा आहे. त्यात बागा, मैदाने, झाडी सगळे आले. बकिंगहॅमचा आकडा मात्र इमारतीच्या आतल्या मजल्यांचा आहे. आता भागाकार करा. या दोन आकड्यांत सदतीस पटींचा फरक निघतो. आवाराशी आवार लावले, तर बकिंगहॅमची बाग ३९ एकरांची, म्हणजे साधारण अठरा पट. चौपट कुठेच निघत नाही. तुलना करायची तर इमारतीशी इमारत लावायला हवी, आणि आपल्या राजवाड्याचे बांधीव क्षेत्रफळ हे वाक्य लिहिणारे देतच नाहीत.

आकडा दिसला की विचारायचे: कशाचा आहे, कशाशी लावलाय, आणि मोजला कोणी? तिसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा 'दुसऱ्या लेखात होता' असे मिळते.

यातून एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दहा ठिकाणी एकच आकडा शेवटच्या अंकापर्यंत तसाच, तीच विशेषणे, तोच क्रम दिसला, तर ते दहा पुरावे नव्हेत. तो एकच स्रोत आहे, दहा जणांनी उतरवून घेतलेला. विकिपीडियाच्या बाबतीत हा फेरा वरचेवर होतो: लेखात बिनआधाराचे वाक्य असते, ते बातमीदार उचलतो, मग कोणीतरी तीच बातमी त्या वाक्याखाली तळटीप म्हणून लावतो. म्हणून तळटीप आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ती उघडावी आणि तिची तारीख बघावी.

अनोळखी साइट असेल तर तिचे 'आमच्याविषयी' पान वाचत बसू नका. स्वतःविषयी वाईट कोण लिहितो? दुसरी टॅब उघडा आणि इतर लोक तिच्याविषयी काय म्हणतात ते शोधा. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना एकच काम देऊन पाहिले. तपासनीस सरस ठरले, कारण ते पानावर रेंगाळले नाहीत. लगेच बाहेर पडून आजूबाजूला बघून आले. इतिहासात पीएच.डी. केलेलेसुद्धा देखण्या लोगोला फसले होते. यातून काय घ्यायचे ते उघड आहे: मजकूर नीट वाचण्याआधी तो कोणाचा, कोणत्या तारखेचा, आणि पैसा किंवा मत कोणाला मिळणार, हे पाहून घ्यायचे. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' ही पट्टी दिसली, तर मजकूर पाच किंवा अधिक हातांतून आलेला असतो. तो खोटाच असतो असे नाही, पण पाठवणाऱ्या काकांच्या भलेपणाचा त्याच्या खरेपणाशी संबंध नाही.

स्थानिक इतिहासाच्या बाबतीत बडोदेकर सुदैवी आहेत. मांडवीची सेंट्रल लायब्ररी आहे, विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी आहे, १९२३ साली निघालेले बडोदे राज्याचे गॅझेटियर आहे. मात्र मूळ साधन म्हणजे निखळ सत्य असेही नाही. राज्याचा कारभार अहवाल राज्याचे कौतुकच करणार. कायदा कधी झाला, शाळा किती निघाल्या, एवढ्यासाठी तो घ्यावा. लोकांना ते आवडले का, यासाठी त्याची साक्ष काढू नये.

दोन स्रोत भांडताना दिसले तर लगेच एकाला खोटे ठरवायची घाई नको. सक्तीचे प्राथमिक शिक्षण सयाजीरावांनी १८९३ साली सुरू केले असे एक पुस्तक म्हणते, दुसरे १९०६ म्हणते. दोन्ही बरोबर आहेत: १८९३ ला अमरेली भागात प्रयोग झाला, १९०६ ला तो सगळ्या राज्यात लागू झाला. चुकतो तो लेखक, जो '१८९३ पासून संपूर्ण राज्यात' असे दोन्हींची खिचडी करून लिहितो.

आता मन वळवणाऱ्या लेखाकडे वळू. बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत. त्यावर नमुन्यासाठी रचलेला हा एक उतारा:

'पुराबरोबर मगर आपल्या दारात येते आणि आपण फोटो काढत बसतो. हजारो बडोदेकर आज भीतीच्या छायेत जगत आहेत. तज्ज्ञ सांगतात की शहरात मगर असणे हा वेडेपणा आहे. आपल्या लेकरांचा जीव मोलाचा, की मगरीचा? विश्वामित्रीतल्या सगळ्या मगरी उचलून आजव्याच्या तलावात सोडणे, हाच एकमेव उपाय आहे.'

पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ नका. लेख ज्या वाचकासाठी लिहिला आहे तसे होऊन वाचा आणि कुठे मान डोलली ते लक्षात ठेवा. तपासायची जागा बहुधा तीच असते. दुसऱ्या वाचनात समासात खुणा करा: पडताळता येईल अशा विधानाला रेघ, मताला वर्तुळ, भावनेला हात घालणाऱ्या शब्दाला फुली. या उताऱ्यात फुल्या भरपूर येतील आणि रेघा जेमतेम दोन-तीन.

मग एकेक शब्द धरा. 'आपण', 'आपल्या' हे शब्द पहिल्याच वाक्यात वाचकाला लेखकाच्या ओटीवर आणून बसवतात. मत मांडण्याआधीच तुम्ही त्याच्या बाजूचे झालात. 'हजारो' कोणी मोजले? 'तज्ज्ञ' कोण, कशाचे? प्राणिशास्त्राचे, की नुसते ओळखीचे? लेकरू की मगर, हा प्रश्न तर उत्तर ठरवूनच विचारलेला आहे. दोन टोके दाखवायची आणि मधल्या वाटा झाकायच्या. काठावर कुंपण, पुराच्या वेळी सुटका पथके, काठावरची अतिक्रमणे, हे सगळे त्या एका वाक्यात गायब झाले.

युक्तिवादाचा सांगाडा काढायला आपल्याकडचे न्यायशास्त्र, म्हणजे जुने तर्कशास्त्र, फार कामाचे आहे. त्यात दावा, कारण, दाखला, तो दाखला इथे लावणे आणि निष्कर्ष अशा पाच पायऱ्या असतात. निव्वळ ॲरिस्टॉटलच्या ग्रीक तिकडीवर (ती पुढे येईल) अडून राहायची गरज नाही. प्रतिज्ञा: मगरी आजव्याला हलवाव्यात. हेतू: त्याने शहर सुरक्षित होईल. उदाहरण: दुसरीकडे असे केल्याने झाले आहे. उपनय: इथली परिस्थितीही तशीच आहे. निगमन: म्हणून हलवाव्यात. आता उताऱ्यात शोधा. प्रतिज्ञा आहे, तीच निगमन म्हणून ठणकावली आहे. हेतू अर्धवट सूचित केला आहे. उदाहरण आणि उपनय यांचा पत्ता नाही, आणि नेमका तिथेच लेख पडतो. आजव्यातून सोडलेले पाणी विश्वामित्रीतच येते. म्हणजे मगर ज्या वाटेने नेली त्याच वाटेने पुरात परत येऊ शकते. शिवाय आजवा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. आणि मगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने ती उचलायला वन खात्याची परवानगी लागते, याचा लेखात शब्दही नाही. लेखाने काय सांगितले त्याइतकेच त्याने काय टाळले ते लिहा.

ग्रीक तिकडी वापरायची तर ॲरिस्टॉटलचे तीन आधार असे: लेखकाची पत, वाचकाची भावना, आणि तर्क. शाळकरी विश्लेषण नेमके इथे फसते. 'लेखकाने भावनेचा वापर केला आहे', एवढे लिहून विद्यार्थी पुढे सरकतो. हे म्हणजे भाजीत मीठ आहे असे सांगण्यासारखे झाले. कोणता शब्द, कोणत्या वाचकावर, काय परिणाम, आणि त्याने प्रतिज्ञेला काय बळ मिळाले, हे चारही एका वाक्यात यायला हवेत. उदाहरणार्थ: 'लेकरांचा हा शब्द पालक वाचकाला घाबरवतो, त्यामुळे आजव्याच्या पर्यायाचा खर्च आणि धोका विचारायची त्याला शुद्ध राहत नाही.' असे एक वाक्य जमले की परिच्छेद अर्धा झालाच.

उलट बाजूचीही चूक होते. नुकतेच हेत्वाभास, म्हणजे तर्कातल्या फसव्या चुका, शिकलेल्यांना प्रत्येक ओळीत हेत्वाभास दिसू लागतो. भावना आली म्हणून लेख खोटा ठरत नाही. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी वस्त्यांत शिरल्या होत्या. त्या घरांतल्या माणसांची भीती हा पुरावाच आहे, फक्त तो धोक्याचा पुरावा आहे, उपायाचा नाही. आणि उतारा तर्कात नापास झाला म्हणून मगरी हलवू नयेत असेही सिद्ध होत नाही. लंगड्या युक्तिवादाने मांडलेले मत बरोबर असू शकते. त्यासाठी दुसरा, सबळ लेख शोधावा लागेल.

पाचशे शब्दांच्या लेखाला हे सगळे करायला पाऊण ते एक तास पुरतो. त्यातला निम्मा वेळ स्रोतांवर गेला पाहिजे; अलंकार शोधायला सोपे असतात म्हणून लोक आधी तिकडे धावतात आणि तपासणी राहून जाते. स्पर्धेचे परीक्षक असाल तर गुणपत्रिकेत 'आधार' आणि 'मांडणी' असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि आधाराचा रकाना आधी भरा. मांडणीला आधी गुण दिले की आधाराच्या रकान्यात हात आपोआप सैल पडतो.