गिनी गवताच्या बियाण्यासाठी नत्र: किती आणि केव्हा

खानदेशात गिनी गवत लावले जाते ते मुख्यतः चाऱ्यासाठी, आणि चाऱ्याला प्रत्येक कापणीनंतर थोडा थोडा युरिया टाकण्याची आपली सवय आहे. बियाणे धरायचे असेल तर ही सवय मोडावी लागते. या गवताचा तुरा शेंड्याकडून खाली पिकत येतो आणि पिकलेला दाणा तुऱ्यावर टिकत नाही. खालच्या फांद्या फुलोऱ्यात असतात तेव्हा वरचे दाणे गळू लागलेले असतात. त्यात फुटवेही मागेपुढे आले, तर कापणीची योग्य वेळ सापडतच नाही.

म्हणून सुरुवात सफाईच्या कापणीपासून करावी. जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सर्व ठोंब जमिनीपासून 10 ते 15 सेंटीमीटर उंचीवर शक्यतो एका दिवसात कापावेत, म्हणजे दाणा भरून पिकण्याचा काळ पाऊस ओसरल्यावर येतो. नवे कोंब दिसू लागले की चार-पाच दिवसांत सगळे नत्र एकाच हप्त्यात द्यावे. हेक्टरी 100 किलो, म्हणजे एकरी सुमारे 40 किलो नत्र धरून सुरुवात करावी. युरियात 46 टक्के नत्र असते; 45 किलोच्या गोणीत ते 20.7 किलो भरते, त्यामुळे एकरी दोन गोण्यांत हिशेब बसतो. शेणखत भरपूर पडलेल्या रानात दीड गोणीही पुरावी.

खरा घोटाळा होतो तो टाकण्याच्या पद्धतीत. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा 8 च्या आसपास असतो, आणि अशा ओलसर जमिनीवर युरिया उघडा राहून वर ऊन पडले, तर त्यातले नत्र अमोनिया होऊन उडून जाते. चार थेंबांची सर कामाची नाही, कारण तिने खत विरघळते पण मुरत नाही. वाफसा असताना, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसलेली असताना, ठोंबापासून वीतभर अंतरावर ओळीने युरिया टाकावा, लगेच कोळपे फिरवून तो मातीआड करावा आणि पावसाची खात्री नसेल तर त्याच दिवशी पाणी द्यावे. सकाळी दव असताना टाकू नये; ओल्या पोंग्यात अडकलेले युरियाचे दाणे कोवळा कोंब करपवतात.

पीक पोटरीत आल्यावर, म्हणजे तुरा पानाच्या आवरणात फुगू लागल्यावर, पुन्हा खत देण्याचा मोह मी एकदा केला होता. गवत हिरवेगार झाले, बुडातून नवे फुटवे उठले, परतीच्या पावसात निम्मे रान लोळले आणि हाती आला तो बराचसा पोचट माल. पोटरीनंतर पिकाला गरज असते ती ओलाव्याची.

दोन ओळी युरियाविना ठेवाव्यात. कापणीच्या वेळी त्यांतील आणि शेजारच्या ओळीतील प्रत्येकी दहा ठोंबांचे तुरे मोजावेत, बी झोडपून वाळवून वेगळे तोलावे आणि पुढच्या वर्षीची मात्रा त्यावरून ठरवावी.