हर्णैच्या बंदरावर अ‍ॅपर्चर किती ठेवाल?

हर्णैला संध्याकाळच्या मासळी लिलावाला कॅमेरा घेऊन गेलात, तर आधी ठरवा: फोटो बांगड्याचा हवा की बंदराचा? अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; ते किती उघडं ठेवायचं, हे या निवडीवरच ठरतं. ‘एफ/’पुढचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक.

पाटीतला एकच बांगडा टिपायचा असेल तर ५० एमएम लेन्स एफ/१.८ वर ठेवून दोन फुटांवरून फोकस करा. जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येईल. डोळा काचेसारखा लख्ख, शेपटी धूसर, मागची गर्दी नुसते रंग. म्हणून फोकस डोळ्यावरच हवा. इतक्या जवळून एफ/८ केलंत तरी हा पट्टा चार-पाच सेंटिमीटरच होतो. विषयापासूनचं अंतर किती महत्त्वाचं असतं, हे इथे नीट कळतं.

वाळूतला होडीचा दोर आणि मागचा सुवर्णदुर्ग, दोन्ही स्पष्ट हवेत? १८ एमएम, एफ/११, आणि फोकस किल्ल्यावर नको, साधारण दोन मीटरवरच्या वस्तूवर. एपीएससी सेन्सरवर (बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो तो, फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) मग सुमारे एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. मला ही युक्ती फार आवडते, कारण किल्ल्यावर फोकस केला की दोर हमखास हातचा जातो.

एफ/२२ मात्र टाळा. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. शिवाय उजेड उतरला की शटर मंदावतं, म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवा. होड्या डुलत असतात, त्यांच्यापुढे ट्रायपॉडचा उपयोग नाही.

आणि लेन्स पुसत राहा. खाऱ्या तुषारांचा थर बसला की सगळंच धुरकट येतं.